पदाविना जबाबदारी : रामचंद्रपंत अमात्य आणि जिंजीकाळातील महाराष्ट्र (इ.स. १६८९ ते १६९८)

मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विचार करताना संताजी-धनाजींच्या पराक्रमाकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते व ते स्वाभाविकही आहे. तथापि या फौजांना रसद, पैसा आणि आश्रयाचे किल्ले कोणी पुरविले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात रामचंद्र नीळकंठ बावडेकर यांच्या कामगिरीच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हाती सापडले. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून कर्नाटकात जिंजीस पोहोचले. म्हणजे छत्रपती सुमारे दोनशे कोसांवर, राजधानी शत्रूच्या ताब्यात आणि खुद्द औरंगजेब महाराष्ट्रात, अशी ही स्थिती होती. जिंजीस दरबार नव्याने उभा राहिला, प्रधानपदांची वाटणी झाली, प्रल्हाद निराजी यांच्यासाठी 'प्रतिनिधी' हे पदही निर्माण झाले. मानमरातब जेथे छत्रपती तेथे, हा तत्कालीन संकेतच होता. महाराष्ट्रात राहणाऱ्याच्या वाट्याला मात्र वेढे, उजाड गावे व रिकामी तिजोरी येणार होती.

शिवराज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत असलेल्या रामचंद्रपंतांनी हा दुसरा वाटा उचलला. त्यांना 'हुकुमतपन्हा' हा किताब व छत्रपतींच्या गैरहजेरीत कारभाराचे सर्वाधिकार मिळाले. किताब भारदस्त खरा. पण अष्टप्रधानांच्या घडीत त्याला ठरलेले स्थान नव्हते. त्याचे वजन पंतांच्या निर्णयांवरच अवलंबून होते. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक यांसारखी कर्तबगार माणसे त्यांनी हाताशी धरली. परशुरामपंतांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत घेतला. विशाळगडासारख्या दुर्गम किल्ल्याच्या आधाराने कारभार चालत राहिला.

येथे एक अवघड बाब नोंदविली पाहिजे. औरंगजेब मराठा सरदारांना वतने व मनसबी देऊन फोडीत होता. त्यास उत्तर म्हणून स्वराज्याच्या बाजूनेही वतने, इनामे व जिंकलेल्या मुलखाच्या सरंजामाची वचने दिली गेली. शिवछत्रपतींनी आवरलेली वतनदारी यामुळे पुन्हा बळावली, असा आक्षेप इतिहासकारांनी घेतला आहे व तो निराधार नाही. परंतु रोख पगार देण्यास पैसाच नसताना पंतांपुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे आक्षेपकांनी क्वचितच सांगितले आहे. सर्वच त्यांच्या हातून साधले असेही नाही. संताजी-धनाजींचे वैर मिटले नाही आणि १६९७ मध्ये संताजींचा घात झाला.

जानेवारी १६९८ मध्ये जिंजी पडली. त्यापूर्वीच निसटलेले राजाराम महाराज विशाळगडास आले. सुमारे आठ वर्षे सर्वाधिकार भोगलेल्या माणसाने ते निमूटपणे धन्याच्या हाती परत द्यावेत, ही घटना चरित्रकार एका वाक्यात उरकतात. प्रस्तुत लेखकास ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढे १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले. ताराबाईंच्या कारकिर्दीत प्रतिनिधिपद परशुराम त्रिंबक यांच्याकडे, म्हणजे एके काळच्या हाताखालच्या माणसाकडे, गेले. पंत तरीही राज्यसेवेत राहिले.

सामान्यतः त्यांच्या नावे ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' १७१५ मधील, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळातील आहे. त्यात वतनदारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वतनदार म्हणजे राज्याचे छोटे वाटेकरीच होत, त्यांना आवरून धरावे व नवी वतने सहसा देऊ नयेत, असा त्याचा आशय आहे. युद्धकाळात ज्यांच्या कारभारात वतनांच्या सनदा निघाल्या, त्यांच्याच नावावर हे प्रकरण आहे.