मानवी शरीरातील सूक्ष्मप्लास्टिक

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे कण व तंतू. प्लास्टिकच्या वस्तूंची झीज, टायरांचे घर्षण आणि कृत्रिम कापडाची धुलाई हे त्यांचे मुख्य उगम. श्वास, अन्न व पाण्यावाटे ते शरीरात शिरतात.

कापडावर जगणाऱ्या उल्हासनगरसाठी हा विषय जवळचा आहे. कॅम्प २ मधील गजानन मार्केटात पॉलिएस्टरचा तागा झटकला, की उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे तंतू दिसतात. शहराच्या जीन्स धुलाई कारखान्यांचे निळे सांडपाणी वालधुनी नदीने वर्षानुवर्षे पाहिले. मात्र जीन्सचा निळा तंतू बहुधा सुती असतो, प्लास्टिक नव्हे. स्ट्रेच जीन्समध्ये पॉलिएस्टर, इलास्टेन मिसळतात. नुसत्या सूक्ष्मदर्शकाने फरक खात्रीने कळत नाही, त्यासाठी वर्णपटमापन लागते.

२०२२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिक नोंदवले. २०२४ च्या इटालियन अभ्यासात मानेच्या धमनीतील मेदथरात प्लास्टिक आढळलेल्या रुग्णांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यूचा धोका प्लास्टिक न आढळलेल्यांच्या सुमारे साडेचारपट होता.

हा संबंध दिसला, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. नमुने प्रयोगशाळेतल्या धुळीने दूषित होऊ शकतात. ऊतक तापवून केलेल्या चाचणीत शरीरातील चरबीच पॉलिथिलीनसारखा संकेत देते. मेंदूत प्लास्टिक आढळल्याच्या निष्कर्षांवर २०२५ मध्ये हाच आक्षेप आला. आठवड्याला पाच ग्रॅम प्लास्टिक पोटात जाते हा गाजलेला अंदाजही नंतरच्या गणितांत टिकला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोका ठरवण्यास पुरावा अपुरा म्हटले, पण प्लास्टिकशी संपर्क घटवण्याचाही आग्रह धरला.