वाराहीपुत्राचे शेत

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इतिहासाचे अभ्यासक तो बहुधा क्षत्रप-सातवाहन संघर्षाचे साधन म्हणून वाचतात. त्यात एका साध्या खरेदीचीही नोंद आहे. वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून उषवदाताने ४००० कार्षापणांना एक शेत घेतले. ते नगराच्या सीमेवर वायव्य दिशेला होते आणि विकणाऱ्याच्या पित्याच्या मालकीचे होते, असे लेख सांगतो. शेतावर आपला हक्क कुठून आला, हे विकणाऱ्याला तेव्हाही सांगावे लागत असावे. आमचे लक्ष मात्र निराळ्या गोष्टीकडे जाते. हा गृहस्थ ओळखला जातो आईच्या नावाने, पण शेत येते ते बापाकडून.

हे शेत ज्याला दान दिले तो मालकही विलक्षण आहे. चारी दिशांहून येऊन लेण्यात राहणाऱ्या भिक्षुसंघाच्या अन्नासाठी ते होते. भिक्षू मरतो, संघ मरत नाही. त्यामुळे कोणाच्या मृत्यूने वारसाचा प्रश्नच उद्भवत नाही. सामाईक मालकीचे याहून शुद्ध रूप सापडणे कठीण.

गृहस्थाश्रमी कुटुंबासाठीही धर्मशास्त्राने असाच न मरणारा मालक कल्पिला. कल्याणीच्या चालुक्य राजवटीत, इ. स. ११००च्या सुमारास, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. तिच्या मते वडिलार्जित संपत्तीत पुत्राचे स्वत्व जन्मानेच उत्पन्न होते; हा ‘अप्रतिबंध दाय’. या सूत्रावर उभ्या राहिलेल्या कायद्यात एक सहदायाद वारला की त्याचा हिस्सा हयात सहदायादांत विलीन होई. बंगालात जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने वेगळी वाट धरली. तेथे पुत्राचा हक्क पित्याच्या मृत्यूनंतर निर्माण होई, आणि निपुत्रिक भावाचा हिस्सा भावांकडे न जाता त्याच्या विधवेकडे जाई.

महाराष्ट्राने मिताक्षरा स्वीकारली. येथल्या एकत्र कुटुंबात जमीन अखंड राहिली, पण ती कोणाच्या बळावर, हेही पाहिले पाहिजे. पतीने मुलांशी वाटणी केली तर पत्नीला हिस्सा मिळे. तो मागण्याचा अधिकार मात्र तिला नव्हता. विधवेला अन्नवस्त्र मिळे. १९३७च्या कायद्याने तिला पतीचा हिस्सा दिला, तोही हयातीपुरता.

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने जुनी चौकट ठेवून तिला एक खिडकी पाडली. मृताला पत्नी वा मुलगी असेल, तर मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली होती असे मानावे आणि त्याचा हिस्सा वारसांना द्यावा. या कल्पनेची कसोटी सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेल्या एका दाव्यात लागली. खंडप्पा मगदूम १९६०मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. सांगलीच्या न्यायालयाने हिराबाईंना १/२४ हिस्सा दिला. त्यांचे म्हणणे वेगळे होते. वाटणी झाली असे मानायचे, तर पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४ मिळतो. त्यात पतीच्या चौथाईचा सहावा भाग मिळवला की ७/२४ होतात. उच्च न्यायालयाने हे मान्य केले आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. एकदा कल्पना स्वीकारली की तिचे सर्व परिणाम स्वीकारावे लागतात, हा त्यामागचा तर्क. वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये.

पुढे १९९४मध्ये महाराष्ट्राने मुलीला जन्माने सहदायाद केले, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळून. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीत ही अट नव्हती. त्याच दुरुस्तीने हयात सहदायादांत हिस्सा विलीन होण्याचा नियमही संपवला. बाप २००५मध्ये हयात असणे आवश्यक नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये दिला.

मिताक्षरेचा अखंड मालक असा कायद्यातून गेला. कागदावर तो रेंगाळतो. सातबारावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी नोंद आढळते; त्या अक्षरांआड इतर हिस्सेदार झाकलेले असतात. वारसनोंदीत बहिणींची नावे लागतात, आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जातात. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. कायद्याने दिलेला हिस्सा नात्याच्या किमतीत वळता होतो.

उषवदाताच्या लेखाने वाराहीचे नाव सुमारे एकोणीस शतके जपले, ते पुत्राच्या नावातला पहिला शब्द म्हणून. शेताच्या वाक्यात ती नाही. आजच्या वारसनोंदीत तिच्या लेकींची नावे शेतासमोरच लिहिली जातात. ती तेथे किती काळ टिकतात, यावर या दीर्घ इतिहासाचा पुढचा अध्याय ठरेल.