किरणोत्सर्ग

किरणोत्सर्ग : अस्थिर अणुकेंद्रातून कण वा किरण आपोआप बाहेर पडण्याची क्रिया. ती अणूच्या गाभ्यात घडते, म्हणून पदार्थ तापवला, गोठवला किंवा आम्लात विरघळवला तरी तिचा वेग बदलत नाही. १८९६ मध्ये पॅरिस येथे आंरी बेक्रेल यांना यूरेनियमच्या क्षारांत ती आढळली. काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच ऊन न लागताही काळवंडली होती. १८९८ मध्ये मारी व प्येर क्यूरी यांनी पोलोनियम आणि रेडियम ही मूलद्रव्ये शोधली.

या क्रियेत बाहेर पडणारा आल्फा कण म्हणजे हीलियमचे केंद्र. त्याला साधा कागद अडवतो, पण हे कण सोडणारा पदार्थ श्वासावाटे वा अन्नातून शरीरात गेला तर तोच सर्वांत घातक ठरतो. बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. त्याला काही मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. गॅमा किरणांसाठी मात्र शिशाची किंवा काँक्रीटची जाड भिंत लागते.

एखादा अणू नेमका केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. निम्मे अणू किती काळात फुटतील हे मात्र अचूक सांगता येते. हा काळ म्हणजे अर्धायुष्य. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवस, कोबाल्ट-६० चे सुमारे ५.३ वर्षे, तर यूरेनियम-२३८ चे सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. म्हणूनच थायरॉइडच्या उपचारासाठी दिलेले आयोडीन ८० दिवसांत हजाराव्या हिश्शावर येते, आणि पृथ्वीच्या जन्माच्या वेळचे जवळजवळ निम्मे यूरेनियम-२३८ आजही खडकांत शिल्लक आहे.

किरण अंगावर पडणे आणि किरणोत्सर्गी पदार्थ अंगाला लागणे यांत लोक नेहमी गल्लत करतात, आणि बरीचशी भीती या गल्लतीतूनच येते. छातीचा एक्स-रे काढलेला माणूस किरणोत्सर्गी होत नाही; अणुभट्टीतून उडालेली किरणोत्सर्गी धूळ कपड्यांवर बसली तर मात्र ती धुऊन काढावीच लागते. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात, ते कांद्याला कोंब फुटू नयेत आणि आंब्याच्या कोयीतले सोंडे मरावेत म्हणून. फळाला स्पर्श होतो तो किरणांचा, कोबाल्टचा नव्हे. आणि या किरणांची ऊर्जा फळातील अणुकेंद्रे अस्थिर करण्याइतकी नसते. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला भारतीय आंबा या केंद्रातून विकिरण होऊनच गेला होता.