बिअर : प्रकार आणि मुरवण

मोड आणून भाजलेला सातू (माल्ट), पाणी, हॉपची फुले आणि यीस्ट यांपासून आंबवून केलेले मद्य. बिअरचे प्रकार रंगावरून ओळखण्याची सवय जगभर आहे, पण ती फसवी आहे. मुख्य जाती दोन: थंडीत सावकाश आंबणारी लागर आणि उबेत लवकर आंबणारी एल. जर्मनीतील श्वार्त्सबिअर काळीकुट्ट असूनही लागर असते, तर कोलोनची फिकट सोनेरी कोल्श एलच्या यीस्टवर आंबते. यीस्ट कोणते आणि पहिली आंबवण संपल्यावर बिअर कुठे, किती दिवस मुरली, यावर तिची जात ठरते.

लागरचे यीस्ट साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला सावकाश काम करते. मग ही बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे ठेवतात. या काळात लोण्यासारखा वास आणणारे डायअ‍ॅसिटिल यीस्टच शोषून घेते, गाळ तळाशी बसतो आणि चव स्वच्छ होते. बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर करण्यास बंदी होती, त्यामुळे हिवाळी बिअर थंड तळघरांत साठवावी लागे आणि तिथेच ती मुरे. १८४२ मध्ये बोहेमियातील पिल्सेन येथे योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने सोनेरी पिल्सनर केली. आज जगात खपणारी बहुतेक बिअर तिच्याच वळणाची, मात्र मुरवणीला तेवढी सवड क्वचितच मिळते.

एल १५ ते २४ अंशांना काही दिवसांतच आंबते आणि तिला फळांसारखा गंध येतो. इंग्लंडमधील पिंपातली एल पबच्या तळघरात पोचते तेव्हा तिच्यातले यीस्ट जिवंत असते. तिथे पिंप आडवे ठेवून वरच्या बुचात सच्छिद्र लाकडी खुंटी ठोकतात. खुंटीतून जादा वायू फेसाळत निघतो; फेस मंदावला की घट्ट खुंटी बसवतात. गाळ बसवण्यासाठी माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ घालण्याची रूढी आहे. ही बिअर ११ ते १३ अंशांना हातपंपाने ओढून देतात. तिला कोमट म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. पिंप उघडले की हवा आत शिरते, म्हणून ते तीनेक दिवसांत संपवावे लागते. केग म्हणजे धातूच्या बंद पिंपातली बिअर मात्र बहुधा गाळलेली, अनेकदा पाश्चरीकृत असते आणि वायूच्या दाबाने नळाशी येते. तिच्या फैलावाला उत्तर म्हणून १९७१ मध्ये 'कॅम्पेन फॉर रिअल एल' ही चळवळ उभी राहिली.

बेल्जियममध्ये बाटलीतच मुरवण्याची परंपरा आहे. ओरव्हाल मठाच्या बिअरमध्ये बाटली भरताना ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट घालतात, त्यामुळे ताजी बाटली आणि वर्षभर ठेवलेली बाटली यांची चव निराळी लागते. ब्रसेल्सच्या परिसरातील लांबिक तर हवेतल्या सूक्ष्मजीवांवर आंबते आणि लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे राहते. जुन्या-नव्या लांबिकच्या मिश्रणातून बाटलीबंद ग्यूझ तयार होते.

आपल्याकडे दुकानांत मिळणारी बहुतेक बाटलीबंद बिअर गाळलेली, पाश्चरीकृत लागर असते. ती घरी ठेवून मुरत नाही, फक्त शिळी होते. तारीख पाहून ताजी घ्यावी आणि उन्हात मांडलेली हिरव्या काचेची बाटली टाळावी. प्रकाशाने हॉपमधील घटक बिघडून तिला दुर्गंध येतो.