हरण्यासाठी मांडलेला डाव

विडंबनाकडे आपली समीक्षा बहुधा दुय्यम प्रकार म्हणून पाहत आली आहे. मूळ कृतीचा आकार कायम ठेवून तिचे मूल्य उलटे करणे, एवढेच त्याचे कार्य मानले जाते. बुद्धिबळाच्या इतिहासातील एक विडंबन मात्र या समजुतीचा फेरविचार करावयास लावते.

पट तोच, मोहरी तीच, चालीही बहुतांशी त्याच. परंतु ज्याची सर्व मोहरी आधी मारली जातील तो विजयी. प्रतिपक्षाचे मोहरे मारता येत असेल तर ते मारलेच पाहिजे, हा येथील मुख्य नियम. राजाला शह नाही की मात नाही. इतरांप्रमाणे तोही मारला जातो. १८७० च्या दशकात ‘टेक मी’ या नावाने या खेळाचे एक प्रारंभिक रूप प्रचलित होते. विसाव्या शतकात इंग्लंड, जर्मनी व इटलीतील लेखनामुळे त्याचा प्रसार झाला. मात्र खेळी खुंटल्यास डाव कोणाचा, याविषयी नियमांत एकवाक्यता नव्हती. कोणी खेळी खुंटलेल्याला विजयी मानी, तर कोणी कमी मोहरी उरलेल्याला.

रूढ बुद्धिबळात देऊ केलेले मोहरे नाकारता येते. येथे नकाराचा अधिकारच नाही; त्यामुळे देणारा सत्ताधीश होतो आणि घेणारा परतंत्र. दूरवर मारा करणारा वजीर या सक्तीने सर्वाधिक फरफटतो. उलट एकेक घर चालणारा राजा डावाच्या अखेरीस उपयोगी ठरतो. म्हणूनच शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याला राजा होण्याचीही मुभा आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मार्क वॉटकिन्स यांनी संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले की, पांढऱ्याने राजापुढील प्यादे एक घर सरकवून अचूक खेळ केल्यास त्याचा विजय निश्चित आहे. तेच प्यादे दोन घरे पुढे गेले तर मात्र पांढरा हरतो. सक्तीच्या नियमामुळे पर्याय आटतात, म्हणूनच हा शोध शक्य झाला. मारण्याची अशीच सक्ती असलेल्या चेकर्स या खेळाची उकल २००७ मध्ये झाली होती. मूळ बुद्धिबळ मात्र अद्याप अनिर्णीत आहे.

ज्याला करमणूक म्हणून बाजूला सारले, त्या विडंबनाचा अंतिम निर्णय मूळ कृतीच्या आधी हाती आला, ही घटना लक्षणीय आहे. विडंबन मूळ कृतीची केवळ छाया नसते. मूल्य उलटताच त्याला स्वतःचे नियमन प्राप्त होते, आणि त्याचे परीक्षणही त्या नियमनाच्या आधारेच व्हावयास हवे.