वर्ल्ड कपचं दार

फुटबॉलचा वर्ल्ड कप म्हटलं की आपण टीव्हीसमोर बसतो ते थेट शेवटच्या महिन्यात. त्याआधी दीड-दोन वर्षं जगभरातल्या कुठल्या कुठल्या मैदानांवर जे सामने चाललेले असतात, त्यांची बातमी पेपरात आलीच तर खेळाच्या पानाच्या तळाशी चार ओळींत. या चार ओळींचा नाद मला गेले काही महिने लागलाय, त्यातही महिलांच्या फुटबॉलच्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ती सवयच म्हणा ना. एखादी सिस्टिम समजून घ्यायची तर आधी बघायचं की आत प्रवेश कोणाला मिळतो आणि कोणाला नाही. होमपेजची रंगरंगोटी नंतर.

तर मंडळी, आजचा विषय: महिलांच्या वर्ल्ड कपला संघ पात्र ठरतात तरी कसे? तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, जो चांगला खेळतो तो जातो. मलाही तसंच वाटायचं. पण इतिहास बघायला लागलं की वेगळंच दिसतं.

सुरुवात करू फ्रान्सपासून. १७ एप्रिल १९७१, उत्तर फ्रान्समधलं हाझेब्रूक हे छोटंसं गाव. फ्रान्सने नेदरलँड्सला ४-० असं हरवलं. फिफाच्या वहीत आज हा महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना म्हणून नोंदलेला आहे. गंमत म्हणजे हा सामना पात्रता फेरीचाच होता, आणि ज्या स्पर्धेसाठी ही पात्रता होती ती स्पर्धा फिफाला मान्यच नव्हती! त्याच वर्षी मेक्सिकोत ती 'बेकायदा' स्पर्धा झाली. सहा संघ होते. अंतिम सामन्यात डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० हरवलं, तेव्हा अझ्टेका स्टेडियममध्ये लाखाच्या वर लोक होते. म्हणजे प्रेक्षक होते, खेळाडू होत्या, फक्त दार अधिकृत नव्हतं.

आशियातही तीच गत. इथे महिलांच्या फुटबॉलसाठी एक वेगळीच संघटना उभी राहिली आणि तिने १९७५ मध्ये हाँगकाँगला पहिली आशियाई स्पर्धा भरवली. विजेता कोण असेल? न्यूझीलंड! (भूगोलाच्या पेपरात मार्क गेले असते.) तेव्हा पात्रता वगैरे भानगड नव्हती. ज्याला तिकिटाचे पैसे जमतील त्याने यायचं, खेळायचं.

आणि आता जरा सावरून बसा. १९८० च्या जानेवारीत हीच स्पर्धा केरळात कालिकतला झाली. यजमान भारताने एक सोडून दोन संघ उतरवले, आणि त्यातला एक अंतिम फेरीत पोचला. तिथे चायनीज तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून, आपण ०-२ हरलो. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरे आलो. १९८३ ला थायलंडमध्ये पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा उपविजेते. म्हणजे ज्या वर्षी कपिलने लॉर्ड्सवर कप उचलला, त्या वर्षी आपल्या मुली फुटबॉलमध्ये आशियात दुसऱ्या होत्या. शाळेत मला हे कोणी सांगितलं नाही, तुम्हालाही सांगितलं नसणार.

त्या काळी भारतात महिलांचं फुटबॉल बघायची ती एक वेगळीच संघटना, मुख्य फुटबॉल महासंघाचा त्याच्याशी संबंध नव्हता. आणि नेमकं त्याच दशकात तिकडे दार बांधायला सुरुवात झाली. १९८६ च्या फिफा काँग्रेसमध्ये नॉर्वेच्या एलेन विले व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि महिलांचा वर्ल्ड कप हवा असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. १९८८ ला चीनमध्ये एक चाचणी स्पर्धा झाली, आणि १९९१ ला चीनमध्येच पहिला वर्ल्ड कप. संघ बारा. सामना ८० मिनिटांचा, कारण बायकांना ९० मिनिटं झेपतील का अशी तज्ज्ञांना शंका! असो.

बारा जागा कशा भरायच्या? फिफाने नवीन काही उभारलं नाही. प्रत्येक खंडाला कोटा दिला आणि सांगितलं, तुमच्या खंडाची स्पर्धा हीच पात्रता फेरी समजा. जिथे जुनी स्पर्धा होती, तिथे तिच्यावरच नवं काम. (आमच्या क्षेत्रात याला काय म्हणतात ते जाणकार वाचकांना ठाऊक आहे.) १९९१ चे हे किस्से बघा.

दक्षिण अमेरिकेत सदस्य देश दहा. पात्रता स्पर्धेला आले तीन: ब्राझील, चिली आणि व्हेनेझुएला. दोन सामने जिंकून ब्राझील वर्ल्ड कपला.

उत्तर आणि मध्य अमेरिकेची स्पर्धा हैतीमध्ये झाली. जागा एकच. अमेरिकेने पाच सामन्यांत ४९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. कॅनडा अंतिम फेरीत पोचूनही घरी बसला.

आफ्रिकेत कित्येक देशांनी नाव दिलं आणि ऐनवेळी माघार घेतली. कोणी आलंच नाही म्हणून समोरचा पुढे, असं करत करत शेवटी नायजेरिया आणि कॅमेरून उरले. नायजेरिया गेला.

ओशनियात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने एकमेकांना एकेकदा हरवलं आणि दुबळ्या पापुआ न्यू गिनीला दोघांनीही झोडपलं. निकाल लागला गोलफरकावर. म्हणजे पापुआ न्यू गिनीला कोणी जास्त झोडपलं त्यावर! तिकीट मिळालं न्यूझीलंडला.

युरोपला पाच जागा होत्या. युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य फेरीतले चार संघ तर गेलेच, पाचवी जागा उपउपांत्य फेरीत हरलेल्यांपैकी एकाला द्यायची होती. ती मिळाली स्वीडनला. इटलीबरोबरचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने स्वीडन बाहेर पडला होता. हाच स्वीडन वर्ल्ड कपमध्ये तिसरा आला! कोटा पाचऐवजी चार असता तर जगातला तिसरा संघ घरी बसून सामने बघत राहिला असता.

आणि आशिया? जागा तीन, चीन, जपान आणि चायनीज तैपेई. हो, तीच तैपेई, जिने अकरा वर्षांपूर्वी कालिकतला आपल्याला हरवलं होतं. भारत त्या पात्रता स्पर्धेत नव्हताच. १९८३ च्या उपविजेतेपदानंतर या स्पर्धेत आपण पुन्हा दिसतो ते एकदम १९९५ मध्ये. दार उघडलं तेव्हा आपण रांगेतच उभे नव्हतो. पुढे २००९ मध्ये तर अशी वेळ आली की बराच काळ एकही अधिकृत सामना न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नावच गेलं. शेवटच्या नंबरावर असणं वेगळं आणि यादीत नसणं वेगळं.

आता दक्षिण अमेरिकेचं पुढे काय झालं ते बघा. १९९१ ला तीन संघ. १९९५ ला पाच. १९९८ ला, म्हणजे १९९९ च्या वर्ल्ड कपसाठी, दहाच्या दहा देश हजर. सात वर्षांत या देशांत मुली अचानक जन्माला आल्या का? त्या आधीपासून खेळतच होत्या. फरक इतकाच की आता महासंघाला संघ पाठवायला एक कारण मिळालं होतं. स्पर्धेचं नाव, तारीख, आणि जिंकलो तर पुढे कुठेतरी जाता येतं ही शक्यता. माझं म्हणणं एवढंच आहे की पात्रता फेरी तयार संघांमधून निवड करते हे अर्धंच खरं. ती संघ तयारही करते. कॅलेंडरवर तारीख असली की कोच नेमावा लागतो, शिबिर घ्यावं लागतं, अकरा जणींना बूट घेऊन द्यावे लागतात. तारीख नसली की या सगळ्याची फाइल कपाटात जाते.

वर्ल्ड कपच्या जागा वाढत गेल्या. १९९९ ला १६, २०१५ ला २४, २०२३ ला ३२. प्रत्येक वाढीला एक आक्षेप ठरलेला: दर्जा घसरेल. आक्षेप अगदीच खोटा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेने थायलंडला १३-० असं धुतलं, ते बघताना वाईटच वाटत होतं. पण त्या थायलंडची गोष्ट जरा मागून बघायला हवी.

२०१५ च्या वर्ल्ड कपसाठी आशियाला पाच जागा होत्या. उत्तर कोरिया एरवी सहज गेला असता, पण २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये त्यांच्या पाच खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडल्या होत्या, म्हणून त्यांच्यावर बंदी. एक जागा मोकळी. त्या जागेसाठी मे २०१४ मध्ये हो ची मिन्ह शहरात यजमान व्हिएतनाम आणि थायलंड समोरासमोर आले. पाचव्या क्रमांकाचा सामना, एरवी ज्याकडे कोणी ढुंकून बघत नाही तो. थायलंड २-१ ने जिंकला आणि पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेला. व्हिएतनाम स्वतःच्या घरात, स्वतःच्या लोकांसमोर हरला.

त्यांची परतफेड झाली ती आपल्या नवी मुंबईत.

जानेवारी-फेब्रुवारी २०२२. महिलांचा आशिया चषक भारतात, आणि सगळा महाराष्ट्रात: नेरुळचं डी. वाय. पाटील, अंधेरीचं मैदान आणि पुण्याचं बालेवाडी. बारा संघ, चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सर्वोत्तम दोन पुढे जाणार. यजमान म्हणून भारताला पात्रता फेरी खेळावी लागली नव्हती, थेट प्रवेश. आणि उपांत्य फेरी गाठली की वर्ल्ड कपचं तिकीट. भारतीय मुली दाराच्या इतक्या जवळ यापूर्वी कधीच पोचल्या नव्हत्या.

२० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी. २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी सामना होता. तो झालाच नाही. करोनाने संघातल्या इतक्या जणींना गाठलं की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूसुद्धा उभ्या करता येईनात. नियम सांगत होता की असा संघ माघार घेतल्याचं धरलं जाईल आणि त्याचे सगळे सामने रद्द. म्हणजे इराणविरुद्ध कमावलेला एक गुणही गेला. घरच्या स्पर्धेत आपला निकाल तक्त्यातूनच पुसला गेला. मुलींचा दोष शून्य.

पण हे इथेच संपत नाही. भारत गेल्यावर त्या गटात तीनच संघ उरले. मग तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना कशी करायची? एकाचे दोन सामने, बाकीच्यांचे तीन. त्यावर उपाय असा की इतर गटांतही तळाच्या संघाविरुद्धचा निकाल धरायचा नाही. व्हिएतनामने म्यानमारशी बरोबरी करून मिळवलेला एकमेव गुण असा हिशेबाबाहेर गेला. उरलं काय? जपानकडून ०-३, कोरियाकडून ०-३. शून्य गुण, गोलफरक उणे सहा. तिकडे इराणचेही शून्य गुण, पण गोलफरक उणे बारा. झालं, व्हिएतनाम पुढे! उपउपांत्य फेरीत ते चीनकडून हरले, पण हरलेल्यांसाठी आणखी एक खिडकी होती. उपउपांत्य फेरीत हरलेल्या तीन संघांत साखळी सामने, त्यातला पहिला वर्ल्ड कपला. (चौथा होता ऑस्ट्रेलिया, त्यांना वर्ल्ड कपचे यजमान म्हणून काळजी नव्हती.) व्हिएतनामने आधी थायलंडला २-० हरवलं, आठ वर्षांपूर्वीच्या त्याच थायलंडला, आणि मग चायनीज तैपेईला २-१. पहिल्यांदा वर्ल्ड कप. हिशेबातल्या दोन सामन्यांत शून्य गुण आणि शून्य गोल असलेला संघ, पण पुढची संधी मिळाल्यावर त्यांनी ती सोडली नाही.

तिकडे बालेवाडीत ३० जानेवारीला फिलिपिन्सने चायनीज तैपेईला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. निर्णायक पेनल्टी सरीना बोल्डनची. फिलिपिन्सच्या कुठल्याही सीनियर संघासाठी, पुरुष धरून, फुटबॉलचा हा पहिला वर्ल्ड कप. दर्जा घसरेल म्हणणाऱ्यांनी पुढचं ऐकावं. जुलै २०२३ मध्ये वेलिंग्टनला याच बोल्डनच्या गोलवर फिलिपिन्सने यजमान न्यूझीलंडला १-० हरवलं. बालेवाडीला कधी बॅडमिंटन बघायला गेलात तर शेजारच्या स्टेडियमकडे एक नजर टाका. एका देशाचा इतिहास तिथे घडलाय.

आणि आपण? २०२६ च्या आशिया चषकासाठी २०२५ मध्ये पात्रता फेरी झाली. ३४ संघ, आठ गट, प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे. भारताचा गट थायलंडमध्ये, चियांग माईला. मंगोलियावर १३-०, तिमोर-लेस्तेवर ४-०, इराकवर ५-०. तिकडे थायलंडनेही तेच केलेलं. शेवटच्या सामन्याआधी दोघांचे गुण सारखे आणि गोलफरकही सारखाच, अधिक २२. ५ जुलैला समोर थायलंड, त्यांच्याच मैदानावर, क्रमवारीत आपल्यापेक्षा चोवीस जागा वर. संगीता बासफोरने पहिला गोल केला, थायलंडने उत्तरार्धाच्या सुरुवातीला बरोबरी साधली, आणि ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीता. २-१. पात्रता फेरी खेळून आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ. यात यजमानपदाची मेहेरबानी नव्हती. चार सामने, चार विजय.

हा विजय मला १९८० आणि १९८३ च्या उपविजेतेपदांपेक्षाही मोठा वाटतो. तेव्हाच्या मुली कमी नव्हत्या, कदाचित आशियात आपण इतके वर पुन्हा लवकर येणारही नाही. पण त्या यशाला पुढे कुठे जायला रस्ताच नव्हता. जिंकून घरी परतल्या आणि गोष्ट संपली. चियांग माईच्या विजयाला पुढची पायरी होती, आणि तिच्याही पुढे २०२७ चा ब्राझील.

२०३१ पासून वर्ल्ड कपमध्ये ४८ संघ असणार आहेत, असं फिफाने २०२५ मध्ये ठरवलंय. दर्जा घसरण्याची चर्चा पुन्हा रंगेल, रंगू दे. जागा वाढल्या म्हणून भारत आपोआप आत जाणार नाही हेही तितकंच खरं. १९९१ ला तीन जागा असताना आपण गेलोच नव्हतो, ते जागा कमी होत्या म्हणून नाही. त्यासाठी दरवर्षी सामने हवेत, लीग हवी, लहान मुलींची शिबिरं हवीत, आणि ती वर्ल्ड कप चार वर्षं लांब असतानाही हवीत. तेव्हा पुढच्या वेळी खेळाच्या पानाच्या तळाशी या मुलींची चार ओळींची बातमी दिसली, तर तेवढी वाचून मग पान उलटा.