न दिसणाऱ्या उष्णतेचा हिशेब

जानेवारीत झिरकपूरवर धुके उतरते, तेव्हा सकाळी गरम पाण्याचा नळ उघडताना माझ्या मनात एक प्रश्न येतो. पाणी लिटरमध्ये मोजता येते, वीज युनिटमध्ये. पण पाण्याबरोबर घरात आलेली उष्णता कशी मोजावी? विजेवरचा गीझर असेल तर वीजमीटर उत्तर देतो. परंतु एकाच बॉयलरमधून शंभर घरांना ऊब पुरवली, तर कोणी किती घेतली हे कसे ठरणार? या व्यवहारी प्रश्नामागे जवळजवळ अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

1782-83 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाचा उष्णतामापी वापरला. आत ठेवलेल्या वस्तूने किती बर्फ वितळवला, हे पाण्याच्या वजनावरून कळे. त्यांनी त्यात एक गिनीपिगही ठेवला आणि सजीवाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. उष्णता स्वतः हाती लागत नाही, तिचा परिणाम मोजावा लागतो, हा या प्रयोगाचा धडा होता.

1877 मध्ये अमेरिकेतील लॉकपोर्ट येथे बर्डसिल हॉली यांनी एका केंद्रातून अनेक इमारतींना वाफ पुरवण्यास आरंभ केला. वाफेचा हिशेब त्या मानाने सोपा असतो: ऊब देऊन तिचे जे पाणी होते, ते मोजले की काम भागते. गरम पाण्याने ऊब पुरवताना मात्र जितके पाणी आत येते तितकेच परत जाते. बदलते ते केवळ तापमान.

येथे पदवीच्या प्रयोगशाळेतील एक जुनी ओळख उपयोगी पडते. ह्यू कॅलेंडर आणि हॉवर्ड बार्न्स यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अखंड प्रवाहाच्या उष्णतामापीवर केलेले काम 1902 मध्ये प्रसिद्ध झाले. नळीतून पाणी एकसारखे वाहते, विजेची तार ते तापवते, आणि दोन टोकांवरील प्लॅटिनमचे तापमापी तापमानातील फरक दाखवतात. पाण्याची विशिष्ट उष्णता सर्व तापमानांना सारखी नसते, हे त्यांनी बारकाईने दाखवले. आजचा उष्णतामापक, म्हणजे हीट मीटर, याच प्रयोगाची उलट बाजू आहे: तेथे ज्ञात उष्णतेवरून पाण्याचा गुणधर्म शोधला, येथे ज्ञात गुणधर्मावरून उष्णता शोधायची.

या मापकाचे तीन भाग असतात: प्रवाह मोजणारे यंत्र, तापमान-संवेदकांची जोडी आणि गणकयंत्र. तासाला 1 घनमीटर पाणी 70 अंश सेल्सिअसला आत येऊन 50 अंशांना परत गेले, तर घराला सुमारे 23 किलोवॉट उष्णता मिळत असते.

हा हिशेब केवळ भौतिकशास्त्राचा नाही, न्यायाचाही आहे. सोव्हिएत काळातील वसाहतींत ऊबेचे देयक घराच्या क्षेत्रफळावर ठरे. खोली फार तापली की लोक खिडकी उघडत, कारण काटकसर करूनही पैसे तितकेच पडत. युरोपीय संघाच्या 2012 च्या ऊर्जा-कार्यक्षमता निर्देशाने, जेथे शक्य आणि परवडणारे असेल तेथे, ग्राहकाच्या प्रत्यक्ष वापराचे मापन आवश्यक ठरवले.

परंतु मापक बसवला म्हणजे न्याय झाला, असे नाही. समजा, वरील उदाहरणात परतीच्या नळातील संवेदक आपल्या खोबणीतून थोडा निसटला आणि 50 ऐवजी 45 अंश दाखवू लागला. फरक 20 चा 25 होतो आणि देयक चतुर्थांशाने वाढते. ग्राहकाला यातले काहीच दिसत नाही. म्हणून संवेदकाचे टोक प्रवाहाच्या मध्यभागी असावे लागते आणि दोन्ही संवेदक एकमेकांशी जुळवलेली जोडीच असावी लागते. दोन तारांच्या संवेदकाची केबल मनाने तोडता किंवा वाढवता येत नाही, कारण 100 ओहमच्या प्लॅटिनम संवेदकात 1 अंशाचा बदल म्हणजे जेमतेम 0.39 ओहम. प्रवाहमापक पुरवठ्याच्या नळावर आहे की परतीच्या, हे गणकयंत्राला ठाऊक असावे लागते, कारण गरम पाण्याची घनता कमी असते. नळातील हवा आणि लोखंडी गंजाचा गाळ प्रवाहाचे माप बिघडवतात. त्यामुळे गाळणी साफ करणे आणि ठरावीक काळाने मापकाची पडताळणी करणे हा मापनाचाच भाग आहे.

भारतात हा मापक बहुधा उलट कामासाठी भेटतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कार्यालयीन इमारतींत मध्यवर्ती वातानुकूलनाच्या थंड पाण्यावर बसवलेले ‘बीटीयू मीटर’ म्हणजे हेच यंत्र. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तर अनेक इमारतींना एका केंद्रातून थंड पाणी पुरवले जाते. येथे फरक 20 अंशांचा नसून साधारण 5-6 अंशांचाच असतो. अर्ध्या अंशाची चूकही देयकात आठ ते दहा टक्क्यांची होते. युरोपपेक्षा आपल्याला अधिक काटेकोर राहणे भाग आहे.

झिरकपूरहून जवळच, चंदीगडमध्ये, 1959 साली स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. तिच्या आवारात 1963 पासून इंडो-स्विस प्रशिक्षण केंद्र उपकरणांचे तंत्रज्ञ घडवत आले आहे. लाव्हाझिए आणि कॅलेंडर यांच्या प्रयोगांतही उपकरणाची देखभाल करावीच लागे. आज ते काम तळघरात विजेरी घेऊन उतरणारा तंत्रज्ञ करतो, आणि शंभर घरांच्या देयकांचा खरेपणा त्याच्या हाती असतो.